मास्तरच्या होडीतली खार

"वारा उजवीकडे सरकतोय. म्हणजे सरकेलसं वाटतंय. तो ढग बघ, त्याचं पोट काळपट आहे. म्हणजे त्याच्याखालची हवा थंड असणार, आणि थंड हवा जड असते, ती खाली आली की..."

"वळायचं की नाही?"

"तेच सांगतोय."

मास्तरचं तेच सांगून होईपर्यंत वळायची वेळ निघून गेलेली असायची. बाकीच्या होड्या वळून पुढे गेलेल्या दिसायच्या आणि खार तारेवर लटकल्या लटकल्या दातओठ खायची. आणखी काय करणार? होडीत भांडायला जागा नसते.

ही होडी दोघांची. मागे बसतो त्याच्या हातात सुकाणू आणि मोठं शीड. पुढच्याकडे लहान शीड, शिवाय होडी आडवी होऊ न देण्याची जबाबदारी. वाऱ्याने शीड एका बाजूला कललं की पुढच्याने कमरेचा पट्टा डोलकाठीवरून आलेल्या तारेत अडकवायचा, होडीच्या काठावर पाय रोवायचे आणि अख्खं अंग बाहेर, पाण्यावर झोकून द्यायचं. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला वाटतं, ही बाई पाण्यावर आडवी झोपली आहे. झोप कसली. लाट पाठीत बसते, पोटऱ्यांत गोळे येतात, नाकातोंडात खारट पाणी जातं. आणि पेपरात नाव येतं ते मागच्याचं.

खार हे तिचं टोपणनाव लहानपणीच पडलं होतं. होडीच्या काठावर ती अशी सुळकन चढायची-उतरायची की दुसरं नाव कुणाला सुचलंच नाही. त्या नावाचा तोटा तिला फार उशिरा कळला. कुठलीही शर्यत जिंकली की दुसऱ्या दिवशी कुणीतरी हुशारी केल्यासारखं लिहायचंच, 'विजयात खारीचा वाटा'. पहिल्यांदा ती हसली होती. पुढे पुढे तर बातमी न वाचताच ती पेपर घडी करून ठेवायची.

मागे ताई होती तोवर मात्र नाव कुणाचं येतं याने तिला काही फरक पडला नव्हता. ताई तिची सख्खी मोठी बहीण. दोघी शाळेत असल्यापासून एकाच होडीत. ताई मुळातच मोजकं बोलणारी, होडीत तर तेवढंही नाही. सुकाणू जरा हललं की खारीला तळपायातून कळायचं, आता वळणार. ताई खाकरली की समजायचं, वारा पडतोय, आत ये. शर्यत संपवून किनाऱ्याला लागेपर्यंत दोघींनी चार शब्दसुद्धा बोललेले नसायचे आणि तरी कुणाला कुणाचं काही विचारायचं राहिलेलं नसायचं. अशी बरीच वर्षं गेली. देशात त्यांना पाणी पाजणारी दुसरी जोडी नव्हती. चार वर्षांनी एकदा येणाऱ्या मोठ्या स्पर्धेला एकदा थोडक्यासाठी त्यांचं जायचं हुकलं होतं, आणि पुढच्या खेपेला नक्की, असं सगळेच धरून चालले होते.

तेवढ्यात नियम बदलला. पुरुषांची वेगळी आणि बायकांची वेगळी शर्यत बंद. यापुढे एका होडीत एक बाई आणि एक पुरुष. आणि देशातून जोडी एकच.

कोचने चौघांना संघटनेच्या ऑफिसात बोलावलं. लांबट खोली, भिंतीला टेकवून ठेवलेली जुनी सुकाणं, पाण्याचा डाग पडलेलं छत. चौघं म्हणजे या दोघी, आणि पुरुषांच्या जोडीतले मास्तर आणि लंबू. मास्तर मागे बसणारा, लंबू पुढे. आता दोन मागचे आणि दोन पुढचे, त्यातल्या दोन बायका आणि दोन पुरुष, म्हटल्यावर जोड्या कशा लागणार हे पहिलीतल्या पोरालाही सांगता आलं असतं. ताईबरोबर लंबू, मास्तरबरोबर खार. कोचने तरी ते फळ्यावर लिहून दाखवलं.

ताई म्हणाली, "बरं."

नुसतं 'बरं'. इतक्या वर्षांची जोडी तुटली, आणि किराणावाल्याने साखर नाही सांगितल्यावर म्हणावं तसं 'बरं'. खारीच्या ते मनाला लागलं. ती काही बोलली नाही, कारण तिकडे मास्तरने बोलायला सुरुवात केली होती.

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हता. इमारतींच्या लिफ्ट तपासायची नोकरी होती त्याची. एखादा स्क्रू सैल सापडला तर तो अख्ख्या इमारतीला जिन्याने चढायला लावायचा, वर लोकांना त्याचं कारणही समजावून सांगायचा. शर्यतीचे नियम त्याला तोंडपाठ होते. कधीकाळी एका साध्या रविवारच्या शर्यतीत त्याने या दोघींविरुद्ध तक्रार केली होती आणि पंचांसमोर इतका वेळ नियम वाचून दाखवला होता की शेवटी पंचच म्हणाले, तुम्ही जिंकलात, आता बसा. मास्तर हे नाव खारीनेच त्या दिवशी त्याला दिलं होतं. तेव्हा तिला काय माहीत, पुढे हा आपल्याच पाठीमागे बसणार आहे.

सुरुवातीला ती त्याला 'तुम्ही' म्हणायची. तो वयाने थोडा मोठा, आणि तशी ओळखही नव्हती. कोचनेच एक दिवस मोटारबोटीतून ओरडून सांगितलं, "अगं, 'तुम्ही सुकाणू सोडता का' म्हणेपर्यंत होडी उलटेल. तू म्हण त्याला." तेव्हापासून ती 'तू'वर आली. पण राग आला की ती आपोआप 'तुम्ही'वर जायची. आणि रोजच जायची.

मास्तरची मागणी एकच होती. "तू पुढे असतेस, बाहेर लटकतेस. मला जे दिसत नाही ते तुला दिसतं. ते सगळं सांगत जा."

"सगळं म्हणजे?"

"सगळं. वाऱ्याची झुळूक येताना दिसली, सांग. लाट, सांग. कुठली होडी कुठे आहे, सांग. शिडाची दोरी अडकली, सांग. महत्त्वाचं काय आणि बिनमहत्त्वाचं काय हे ठरवत बसू नकोस, ते मी ठरवेन."

"आणि तुझं बोलणं सुरू असेल तेव्हा?"

"मधेच सांग. मला वाईट वाटत नाही."

खरंच वाटत नसे. त्याचाही तिला वैताग होता. माणूस निदान चिडला तर भांडता तरी येतं. याच्यावर कितीही आवाज चढवा, हा म्हणणार, "बरोबर आहे तुझं, आता का बरोबर आहे ते सांगतो." जन्मात न बोललेली खार नाइलाजाने बोलायला शिकली. झुळूक येतेय. लाट मोठी. डावीकडे दोघं. दोरी ओली आहे, सरकत नाही. पहिले काही महिने घशातून शब्द ओढून काढावे लागले. नंतर जीभ आपली आपण चालायला लागली, झोपेतसुद्धा.

तिकडे ताई आणि लंबूचं मात्र छान जमलं होतं. लंबू सहा फुटांच्या वरचा आणि ताईपेक्षाही कमी बोलणारा. त्यांच्या होडीत म्हणे आठवडेच्या आठवडे कुणी अक्षर काढत नाही आणि दोघंही मजेत असतात. हे खारीला कोचने कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "वा."

घरी दोघी बहिणी आईकडेच राहायच्या आणि दोघी उपाशी असायच्या. होडीत दोघांचं मिळून वजन ठरावीकच लागतं. जास्त झालं तर होडी जड, कमी झालं तर उलटायची भीती. पुरुष आले म्हणजे वजन आलं, आणि ते कमी कुणी करायचं, तर बायकांनी. लंबूची हाडंच जड होती, त्याचा इलाज नव्हता. मास्तरचा इलाज होता, पण तो बिस्किटं खायचा. खिशात, पिशवीत, होडी ओढून न्यायच्या गाडीखाली डब्यात, सगळीकडे बिस्किटं. खार म्हणायची, "ते बिस्किट तुम्ही खाता आणि उतरवायचं मी." त्यावर त्याने बिस्किटात काय काय असतं ते वाचून दाखवलं होतं.

आईच्या नाकी नऊ आले होते. ती ताटं मांडायची आणि दोघी अर्धं ताट परत सरकवायच्या.

"मी आता स्वयंपाक कुणासाठी करते?" आई विचारायची.

"कर गं थोडाच," ताई म्हणायची.

"थोडाच म्हणजे किती? हिला विचारलं तर ही म्हणते अर्धं. तुला विचारलं तर तू मान हलवतेस. मान हलवून भात शिजत नाही."

दोन उपाशी बायका एकमेकींच्या ताटाकडे बघायच्या, दुसरी जास्त खातेय का याकडे लक्ष ठेवून. कधी काळी एकाच पांघरुणात झोपलेल्या या दोघी. आई सगळं बघायची. एकदा तिने ताडकन विचारलं, "दोघींतली एकच जाणार ना त्या स्पर्धेला? मग मी कुणी जावं असं म्हणू, ते तरी सांगा."

"तू काही म्हणू नकोस," ताई म्हणाली.

"तूच काय ते ठरव," खार त्याच क्षणी म्हणाली.

आईने कपाळाला हात लावला आणि उरलेला भात स्वतःच्या ताटात वाढून घेतला.

हे कमी होतं म्हणून की काय, खारीची नोकरी शिडं शिवायच्या कारखान्यात होती. कारखाना म्हणजे एक भलीमोठी लाकडी जमीन, नाचाच्या वर्गासारखी गुळगुळीत. तिच्यावर शिडाचं कापड पसरायचं, म्हणून बूट बाहेर काढून सगळे मोज्यांवर फिरायचे. शिवणयंत्रं जमिनीत केलेल्या खड्ड्यांत बसवलेली, म्हणजे शिवणारा खड्ड्यात आणि कापड जमिनीच्या पातळीवर. खार दिवसभर छातीपर्यंत जमिनीत असायची. समोर ग्राहक आला की आधी त्याचे मोजे दिसायचे.

निवडीच्या शर्यती महिन्यावर आल्या असताना तिच्या समोर ताईचे मोजे आले. एका अंगठ्याला भोक होतं, म्हणून लगेच ओळखू आले.

"नवीन लहान शीड हवंय," ताई म्हणाली.

"घरी सांगायचंस की."

"घरी तू माझ्याशी बोलत नाहीस."

"मी बोलत नाही? मी?"

मालक लगबगीने आला. म्हातारा, नाकावर चष्मा, गळ्यात मोजायची फीत. तो म्हणाला, "शीड हीच शिवेल. आमच्याकडे हिच्यासारखी शिवण दुसऱ्या कुणाची नाही." मग काहीतरी आठवल्यासारखं करून त्याने खारीकडे पाहिलं. "तुमचंही तूच शिवलंस ना? मग दोन्हीची शिवण सारखीच आली पाहिजे. कारखान्याचं नाव आहे."

म्हणजे ज्या बहिणीला हरवायचं तिचं शीड आपणच शिवायचं, आणि तेही उत्तम. खारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मनात आलं, एक टाका सैल घालावा, कुणाला कळणार आहे. पण हात ऐकेनात. सैल टाका घालायचा तर आधी तो कसा घालतात ते शिकावं लागलं असतं. तिने ते शीड स्वतःच्या शिडाइतकंच नीट शिवलं, आणि त्याबद्दल स्वतःवरच आठवडाभर चिडचिड केली.

निवडीच्या शर्यती सुरू झाल्या. वारा रोज वेगळा, पण निकाल ठरल्यासारखा. आज ताई पुढे, उद्या खार पुढे. शेवटच्या शर्यतीच्या सकाळी हिशोब अगदी सोपा झाला होता. या शर्यतीत दोघींपैकी जिची होडी आधी पोचेल ती जाणार. बाकी कुणी कितवं येवो, फरक पडत नव्हता.

मास्तर सकाळपासून गप्प होता. खारीला आधी बरं वाटलं, मग भीती वाटली.

"बरं नाही का?" तिने विचारलं.

"बरं आहे."

"मग बोल की काहीतरी."

"काय बोलू?"

या माणसाने गेली दोन वर्षं तिचे कान किटवले होते, आणि आता नेमका आज त्याला विषय सापडेना.

शर्यत सुरू झाली आणि मास्तरचं तोंडही. पहिल्या फेरीतच त्याने उजवीकडच्या वाऱ्यावर पैज मारली आणि वारा खरोखरच उजवीकडे सरकला. खार झुळूक सांगत होती, लाट सांगत होती, तो ऐकत होता आणि बोलत होता, आणि कसं कोण जाणे, दोघांचं एकदम जमून आलं. ती म्हणायची "येतेय" आणि त्याच क्षणी होडी उसळी घ्यायची. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला तळपायातून कळलं, आता वळणार. तिला ते कबूल करायचं नव्हतं, पण मजा येत होती. खालच्या बोयापाशी पोचले तेव्हा ताई चांगली पाच-सहा होड्यांच्या अंतराने मागे होती. आता हा बोया वळून वाऱ्याविरुद्ध शेवटची चढण, आणि संपलं.

बोया म्हणजे पाण्यावर तरंगणारा माणसाएवढा पिवळा रबरी फुगा. त्याला न शिवता वळायचं असतं. होडी शिवली, शीड शिवलं, होडीतला माणूस शिवला, सगळं एकच. शिवलात तर तिथल्या तिथे होडीचा एक पूर्ण गोल घ्यायचा, ती शिक्षा. आणि ती कुणी देत नाही, आपली आपण घ्यायची.

होडी वळली. शिडात वारा भरला. खारीने पट्टा तारेत अडकवून अंग बाहेर झोकलं आणि तिच्या खांद्यामागून काहीतरी ओलं, गुळगुळीत घासून गेलं.

"लागला," ती म्हणाली.

तिने विचार केला नव्हता. झुळूक सांगावी, लाट सांगावी, तसं ते तोंडातून निघून गेलं होतं.

"काय लागला?"

"बोया. पाठीला."

मास्तर शिडाकडे बघत होता. बोया तिच्या पाठीमागे होता, तो त्याला दिसायचं कारणच नव्हतं. ताई दूर होती, मधे शीड होतं. पंचांची बोट पलीकडच्या बाजूला. पाण्यावर कुणालाही काही कळलेलं नव्हतं.

"लाट असेल," मास्तर म्हणाला.

"लाट कशी लागते ते मला माहीत आहे."

"हलकाच लागला असेल गं. निसटता."

खारीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. सैल स्क्रूपायी माणसांना दहा मजले चढायला लावणारा हा इसम. बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर तोंडपाठ म्हणणारा. पंचांना झोप आणणारा. आणि आज, आत्ता, याच्या तोंडून 'हलकाच'.

"मास्तर," ती शांतपणे म्हणाली, "नियमात हलका आणि जोराचा असं काही आहे का हो?"

'हो' ऐकून त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

"मग तुम्ही फिरवताय की मी आत येऊन फिरवू?"

त्याने सुकाणू फिरवलं. ती आत आली, शिडाखालून वाकून पलीकडे गेली, पुन्हा अलीकडे आली. होडीने एक गोल घेतला. फडफडणाऱ्या शिडाच्या आवाजात मास्तर काहीतरी म्हणत होता, ते तिने ऐकलं नाही. गोल पुरा झाला तेव्हा ताईची होडी शेजारून निघून गेली होती. लंबू तारेवर पसरला होता. त्याने मान वळवून पाहिलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. ताईने बघितलं नाही.

मग त्यांनी जीव तोडून पाठलाग केला. खारीने अंग इतकं बाहेर काढलं की तिची वेणी पाण्यात घासटत होती. अंतर कमी झालं, आणखी कमी झालं. शेवटच्या रेषेवर ताईच्या होडीचं नाक त्यांच्याआधी पोचलं. मधे फार तर एका होडीचं अंतर होतं.

परत येताना मास्तर म्हणाला, "मी तसं बोलायला नको होतं."

"गप्प बसा."

तो गप्प बसला. किनाऱ्यापर्यंत खरंच बसला.

होड्या गाडीवर चढवून लोक पाण्याच्या नळ्या घेऊन धुवायला लागले होते. ताई ओल्या कपड्यांतच खारीपाशी आली. अभिनंदन करायला लोक तिच्या मागे येत होते, त्यांना तिने हाताने थांबवलं.

"का फिरलात?"

"बोया लागला."

"कुणाला?"

"मला. पाठीला."

"मला दिसलं नाही."

"कुणालाच दिसलं नाही."

ताईचा चेहरा असा झाला, जणू कुणी नको असलेली वस्तू तिच्या हातात कोंबली आहे. "आता हे तू मला आयुष्यभर ऐकवणार," ती म्हणाली.

"एक शब्द ऐकवणार नाही."

"तेच. न बोलता ऐकवशील. मला माहीत आहे तुझं न बोलणं. मीच शिकवलंय."

"मग काय करू? परत जाऊ आणि तुला सांगू की नव्हता लागला?"

"मला जिंकायचं होतं," ताई म्हणाली. तिचा आवाज फुटला, जो आजवर कधी फुटला नव्हता. "तुला मागे टाकून जिंकायचं होतं. त्या दिवशी ऑफिसात 'बरं' म्हटलं ना, त्याच्यापुढे एक शब्द काढला असता तर रडले असते. मग म्हटलं, निदान नीट तरी जिंकावं. तर तू मधेच गोल फिरून बसलीस."

खारीला एकाच वेळी हसू आणि रडू आलं आणि यातलं काय आधी करावं ते कळेना. शेवटी ती म्हणाली, "तू जिंकलीस. नीटच जिंकलीस. आता जाऊन लोकांना भेट, नाहीतर मी खरंच काहीतरी बोलेन." ताईने ओल्या हाताने तिचं डोकं एकदा हलवलं आणि ती गेली.

त्यानंतर खार होडीकडे फिरकली नाही. संपलं, असं तिने आईला सांगितलं. पोटभर जेवली, दोनदा वाढून घेतलं. आईला इतका आनंद झाला की तिने काही विचारलंच नाही. कारखान्यात ती सकाळी खड्ड्यात उतरायची ती संध्याकाळी वर यायची. वाऱ्याकडे बघायचं नाही, ढगाकडे बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं, आणि कुणी दार उघडलं की पहिली मान वर व्हायची ती वारा कुठून येतोय बघायला.

एका दुपारी तिच्या समोर अनोळखी मोजे आले. राखाडी, नीट वर ओढलेले.

"बूट बाहेर ठेवलेत," मास्तर म्हणाला. "पाटी वाचली."

"वाचलीच असणार तुम्ही."

तो जमिनीवर मांडी घालून बसला, म्हणजे खड्ड्यातल्या तिच्या तोंडासमोर त्याचं तोंड आलं. मग त्याने बोलायला सुरुवात केली. त्या दिवसापासून त्याला लिफ्ट तपासता येत नव्हत्या. प्रत्येक स्क्रूपाशी वाटायचं, हा हलकाच सैल आहे. आपण आजवर जे नियम सांगितले ते खरे मानत होतो की नुसते बोलायला आवडतात म्हणून सांगत होतो, असा त्याला प्रश्न पडला होता. मग त्याने त्याचीही कारणं सांगितली, पहिलं, दुसरं, तिसऱ्याचे दोन भाग. खारीने तेवढ्यात एक अख्खी शिवण घातली.

"झालं?" तिने विचारलं.

"एक राहिलंय. ताईला सरावासाठी दुसरी होडी लागणार आहे. स्पर्धेपर्यंत. कोच म्हणतो, तुम्ही दोघं या."

"म्हणजे ती जाणार, आणि आपण तिला तयार करायचं."

"हो."

"आणि मी रोज तुझं बोलणं ऐकायचं. काही मिळणार नाही, तरी."

"हो," मास्तर म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. "तू म्हणालीस. 'तुझं' म्हणालीस."

"त्याचा अर्थ लावत बसू नकोस," खार म्हणाली आणि यंत्राचा पाय दाबला.

दुसऱ्या दिवशी ती पहाटे होडीपाशी हजर होती, वजन वाढलेलं आणि तोंड वाकडं. वर्षभर तिने आणि मास्तरने ताई-लंबूला असं पळवलं की लंबूसुद्धा एकदा म्हणाला, "पुरे." मोठ्या स्पर्धेत ताई मधल्या फळीत आली. खार आणि आई घरी पडद्यासमोर बसून बघत होत्या. आई दर मिनिटाला विचारायची, "पुढे कोण आहे?" आणि खार सांगायची, "ताई मधेच आहे अजून, तू भात खा." परत आल्यावर ताईने होडी सोडली. गुडघा गेला होता आणि मनही भरलं होतं. ती कोचच्या मोटारबोटीत बसायला लागली.

पुढच्या निवडीत लंबूने नवीन जोडीदार घेतली, पण मास्तर आणि खारीपुढे कुणी टिकलं नाही. दोघं मोठ्या स्पर्धेला गेले. पदक मिळालं नाही. एके दिवशी मात्र वाऱ्याने सगळ्यांना गंडवलं, मोठमोठ्या देशांच्या जोड्या उजवीकडे धावल्या आणि हे दोघं एकटे दुसऱ्या बाजूने निघून थेट पहिले आले. एकच शर्यत, पण पहिले.

किनाऱ्यावर पत्रकारांनी मास्तरला गराडा घातला. काय झालं, असं एकीने विचारलं. एवढंच. खारीने तिच्याकडे दयेने पाहिलं, नळी उचलली आणि होडी धुवायला घेतली. आधी तळ, मग काठ, मग दोऱ्यांवरचं मीठ. सुकाणू काढून पुसलं. शीड उतरवून घडी घातली. मास्तरचा आवाज चालूच होता. तो ढगाच्या पोटावर आला होता. पत्रकारांतला एक जण घड्याळ बघत होता, दुसऱ्याने लिहिणं थांबवलं होतं.

"...आणि मग उजवीकडून जी झुळूक आली," मास्तर सांगत होता.

"डावीकडून," खार नळी बंद न करता म्हणाली.

मास्तर थांबला. त्याने आठवून पाहिलं.

"बरोबर आहे तिचं," तो पत्रकारांना म्हणाला. "डावीकडून. थांबा हं, मग मला हे सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल."